लोणारच्या खारात सोडा किती?

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी नुसतं खारट नाही. ते बोटांवर घेऊन चोळलं तर साबण लावल्यासारखं बुळबुळीत लागतं. समुद्राच्या पाण्याने असं होत नाही, कारण समुद्रात मुख्यतः मीठ आहे आणि लोणारात मिठाच्या जोडीला सोडा आहे. सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट आणि त्याचा धाकटा भाऊ सोडियम बायकार्बोनेट. पहिल्याला आपण धुण्याचा सोडा म्हणतो, दुसऱ्याला खाण्याचा. सरोवराच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास राहतो तो या दोघांमुळे.

हा सोडा आला कुठून? उल्केच्या आघाताने दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आणि दीडशे मीटरच्या आसपास खोलीचं विवर पडलं. ते उल्केचंच काम आहे, हे १९७३ साली शास्त्रीय पुराव्यानिशी मांडलं गेलं. या विवरात पाणी यायला वाटा आहेत. पाऊस आहे, ओढे आहेत, काठावरची गोमुखाची धार आहे. बाहेर पडायला मात्र वाट नाही. खडक झिजवत आलेलं पाणी सोबत सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन येतं आणि उन्हाने आटत राहतं. आटताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कार्बोनेटच्या रूपात आधी खाली बसतात. सोडियम पाण्यातच उरतो आणि वर्षानुवर्षं साठत जातो. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की काठावर पांढरी खपली धरते.

ही खपली पूर्वी विकली जात असे. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारची नोंद आहे. काच आणि साबण करायला लागणारं सगळं इथे मिळतं आणि त्यावरच्या करातून सरकारला चांगलं उत्पन्न होतं, अशा आशयाची. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर हा ब्रिटिश अधिकारी इथे येऊन गेला आणि युरोपीय कागदपत्रांत सरोवराचं नाव आलं. पुढे भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या ला टूश आणि ख्रिस्टी या दोघांनी लोणारच्या भूशास्त्रावर सविस्तर लेख लिहिला, तो १९१२ साली प्रसिद्ध झाला. जुन्या नोंदींत इथल्या खाराच्या प्रतींची नावं सापडतात: डल्ला, निमक डल्ला, खप्पल, पापडी, भुस्की. कोणता खार तळातून काढला, कोणता काठावर सुकला, कशात मिठाचा अंश जास्त, यावरून ही प्रतवारी होत असावी. निमक डल्ल्याचं तर नावच सगळं सांगून टाकतं.

आता व्यापाऱ्याच्या जागी बसून पाहा. समोर खाराचे चार ढीग आहेत, चारही पांढरट, चारही तागडीत सारख्याच वजनाचे. साबणवाल्याला यातला सोडा हवाय, मीठ नको, पाणी तर नकोच. तागडी त्याला फक्त किलो सांगते. किलोमागे कामाचा सोडा किती, हे तागडीला कळत नाही. अनुभवी माणूस जिभेवर कण ठेवून, बोटांत चुरून, पाण्यात विरघळवून अंदाज बांधत असेल, आणि तो अंदाज बराच बरोबरही येत असेल. पण अंदाजाचा हिशेब करायचा तर मोलर वस्तुमान लागतं.

राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात ‘द्रव्याचे मोजमाप’ नावाचा धडा आहे. अणुवस्तुमान, रेणुवस्तुमान, मोल, ॲव्होगॅड्रो अंक हे सगळं त्यात येतं आणि बहुतेक मुलांना तो धडा म्हणजे आकडेमोडीची शिक्षा वाटते. दोष मुलांचा नाही. मोजायचं कशासाठी, हे आधी न सांगता मोजायला बसवलं तर दुसरं काय होणार?

मोजायचं यासाठी, की रासायनिक क्रिया वजनाने होत नाही, संख्येने होते. सोडियम कार्बोनेटचा एक घटक हायड्रोक्लोरिक आम्लाच्या दोन रेणूंना निकामी करतो, दीडला नाही आणि अडीचलाही नाही. सोडियम बायकार्बोनेटचा एक घटक एकाच रेणूला. मीठ एकालाही नाही. हा हिशेब मोजणीचा आहे, आपल्या हातात मात्र तराजू आहे. अणू मोजता येत नाहीत, तोलता येतात. म्हणजे तोलाचं मोजणीत रूपांतर करणारा एखादा भाव ठरलेला हवा.

असा भाव बुलढाण्यातला सोयाबीनवाला दर जूनमध्ये वापरतो. शेतात किती किलो बी पडलं यापेक्षा किती झाडं उभी राहणार, हे महत्त्वाचं. पंचेचाळीस सेंटिमीटरवर ओळी आणि दोन झाडांत पाच सेंटिमीटर धरले तर हेक्टरी साधारण ४ लाख ४४ हजार झाडं बसतात. बी मोजून कोण घेणार? म्हणून शंभर दाण्यांचं वजन काढतात. ते १० ग्रॅम भरलं तर किलोत १० हजार दाणे, १२ ग्रॅम भरलं तर ८ हजार ३०० च्या आसपास. ७५ किलो बियाण्यात पहिल्या वाणाचे साडेसात लाख दाणे झाले, दुसऱ्याचे सव्वासहा लाख. टपोरं बी घेतलं तर त्याच वजनात झाडं कमी, हे सूत्र शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

मोलर वस्तुमान म्हणजे असंच दाण्यांचं वजन, फक्त इथे दाणे शंभर नाहीत. ते ६०२२ च्या पुढे वीस शून्यं इतके आहेत. इतक्या कणांच्या समूहाला एक मोल म्हणायचं आणि त्या समूहाचं ग्रॅममधलं वजन ते त्या पदार्थाचं मोलर वस्तुमान. संख्या अशी अवाढव्य आणि विचित्र का, तर ती सोयीने निवडली आहे. ती घेतली की अणूचं सापेक्ष वस्तुमान आणि मोलचं ग्रॅममधलं वजन हे एकाच आकड्याने सांगता येतं. सोडियमच्या अणूचं वस्तुमान २२.९९ एकक, तर सोडियमचा एक मोल २२.९९ ग्रॅम. कार्बन १२.०११, ऑक्सिजन १५.९९९, हायड्रोजन १.००८. संयुगाचं काढायचं तर बेरीज करायची, त्याहून अवघड त्यात काही नाही.

धुण्याच्या कोरड्या सोड्यात सोडियमचे दोन अणू, कार्बनचा एक आणि ऑक्सिजनचे तीन. दोन सोडियमचे ४५.९८, कार्बनचे १२.०११, तीन ऑक्सिजनचे ४७.९९७. बेरीज १०५.९९. खाण्याच्या सोड्यात सोडियम एक, हायड्रोजन एक, कार्बन एक, ऑक्सिजन तीन, म्हणून ८४.०१. मिठात सोडियम आणि क्लोरिन एकास एक, म्हणून ५८.४४. यापुढे मी १०६, ८४ आणि ५८.४४ एवढंच म्हणेन.

क्लोरिनचं अणुवस्तुमान ३५.४५ असं अर्धवट का, हा प्रश्न वर्गात कुणीतरी विचारतोच. निसर्गात क्लोरिनचे दोन प्रकारचे अणू आहेत, ३५ वजनाचे शंभरात साधारण ७६ आणि ३७ वजनाचे २४. आपण जे मीठ तोलतो त्यात दोन्ही याच प्रमाणात मिसळलेले असतात, त्यामुळे सरासरी धरावी लागते. ३५.४५ वजनाचा एकही क्लोरिन अणू जगात कुठे नाही. तरी हिशेबाला तोच आकडा चालतो.

हे आकडे ठरायला रसायनशास्त्राला अर्धं शतक घासाघीस करावी लागली. पाण्यात वजनाने एक भाग हायड्रोजन आणि आठ भाग ऑक्सिजन, एवढं तराजू सांगत होता. पण पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचा अणू एक की दोन? डाल्टनने एक मानला, त्यामुळे त्याचा ऑक्सिजन आपल्या ऑक्सिजनच्या निम्म्या वजनाचा झाला. सारख्या तापमानाला आणि दाबाला वायूंच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखीच असते, हे ॲव्होगॅड्रोने १८११ सालीच मांडलं होतं. या कल्पनेतून तो गुंता सुटत होता, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. अलेक्झांडर लोणारच्या काठावर उभा होता त्या वर्षी युरोपातल्या दोन प्रयोगशाळांनी सोड्याची सूत्रं वेगवेगळी लिहिली असती तर नवल नव्हतं. १८५८ साली कॅनिझ्झारो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने ॲव्होगॅड्रोची कल्पना पुन्हा नीट मांडली. सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथे भरलेल्या परिषदेनंतर अणुवस्तुमानांवर हळूहळू एकमत झालं. त्यानंतरची दोन पावलं तांत्रिक. १९६१ पासून कार्बन-१२ चा अणू मोजमापाचा पाया झाला आणि २० मे २०१९ पासून मोलची संख्याच नेमकी ठरवून टाकली गेली.

हे सगळं खरं की नुसतं पुस्तकी, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा पुरे. ८४ ग्रॅम खाण्याचा सोडा तोलून स्टीलच्या पसरट पातेल्यात घ्यावा. ॲल्युमिनियमचं भांडं नको, सोडा त्याला खातो. मध्यम आचेवर ठेवून हलवत राहावं. थोड्याच वेळात कोरडी पावडर जागोजागी उसळायला लागते, कारण तिच्या पोटातून वायू सुटत असतो. वर थंड ताट धरलं तर त्यावर पाण्याचे थेंब जमतात. कोरड्या पावडरीतून पाणी निघालेलं पाहून मुलांचे डोळे मोठे होतात, मोठ्यांचेही. उसळणं पूर्ण थांबेपर्यंत भाजावं, निवू द्यावं आणि पुन्हा तोलावं. काटा ५३ च्या आसपास येतो.

५३ म्हणजे १०६ चा निम्मा. खाण्याच्या सोड्याचे दोन घटक मिळून धुण्याच्या सोड्याचा एक घटक, पाण्याचा एक रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू तयार होतो. आपण घेतला होता एक मोल, म्हणून प्रत्येकाचा अर्धा मोल मिळाला: ५३ ग्रॅम सोडा, ९ ग्रॅम वाफ, २२ ग्रॅम वायू. बेरीज ८४. काटा ५६ किंवा ५८ वर अडला तर भाजणी अपुरी झाली, असं समजून पुन्हा आचेवर ठेवावं. आणि पातेल्यात उरलेलं पुन्हा सोड्याच्या डब्यात टाकू नये. ते आता खाण्याचं राहिलेलं नाही, कपडे धुवायला घ्यावं.

लोणारच्या खारात हे दोन्ही सोडे एकत्र नांदतात. असं पाणी आटतं तेव्हा बरेचदा ट्रोना नावाचं खनिज बनतं. त्याच्या एका घटकात धुण्याचा सोडा एक, खाण्याचा एक आणि पाण्याचे दोन रेणू एकमेकांना धरून बसलेले असतात. मोलर वस्तुमान १०६ अधिक ८४ अधिक ३६, म्हणजे २२६. शंभर किलो शुद्ध ट्रोना भट्टीत भाजला तर पाणी आणि वायू उडून जातात आणि कोरडा सोडा उरतो ७०.३ किलो. तो ७० च का, ६० किंवा ८० का नाही, याचं उत्तर फक्त या बेरजांत आहे. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये जमिनीखालून ट्रोना काढून त्यापासून सोडा करण्याचा मोठा उद्योग आहे. तिथला हिशेबही याच ७०.३ पासून सुरू होतो.

पाण्याची गंमत इथेच संपत नाही. थंडीत सोड्याचं संपृक्त पाणी निवलं तर काचेसारखे पारदर्शक स्फटिक मिळतात. त्यांच्यात सोड्याच्या एका घटकामागे पाण्याचे दहा रेणू अडकलेले असतात. १०६ मध्ये १८० मिळवा, २८६. म्हणजे शंभर किलो स्फटिकात ६३ किलो पाणी आणि अवघा ३७ किलो सोडा! पाणी कुठे दिसत नाही, हाताला ओल लागत नाही, पण वजन निम्म्याहून अधिक त्याचंच. हेच स्फटिक उघड्यावर ठेवले की चुरा होऊन पांढरे पडतात. दहातले नऊ रेणू उडून जातात आणि २८६ चे १२४ होतात. वैशाखाच्या उन्हात हे फार भराभर होतं. विकणाऱ्याला माल घटल्यासारखा वाटेल, पण घेणाऱ्याच्या दृष्टीने किलोमागे सोडा दुपटीहून जास्त झाला. व्यापारात भांडणं व्हायला एवढं कारण पुष्कळ आहे.

आता चार ढिगांकडे परत येऊ. प्रत्येकाचा शुद्ध एक किलो घेतला तर तो किती मोल आम्ल निकामी करील? कोरडा धुण्याचा सोडा १८.९. ट्रोना १३.३. खाण्याचा सोडा ११.९. दहा पाण्यांचे स्फटिक ७. त्यांच्यात मिसळलेलं मीठ मात्र शून्य. तागडीत सारखे, कामात इतके वेगळे. साबणवाल्यासाठी हाच खरा भावफलक आहे. जुन्या पद्धतीत सोडा आणि विरी गेलेला चुना एकत्र उकळून कॉस्टिक सोडा करत आणि त्याने तेलाचा साबण. त्यात १०६ ग्रॅम सोड्याला ७४ ग्रॅम चुना लागतो आणि ८० ग्रॅम कॉस्टिक मिळतं. खारात मीठ जास्त निघालं तर चुना वाया जातो, तेल कच्चं राहतं आणि साबण बसत नाही.

प्रत्यक्षात ढीग शुद्ध नसतात. मग सोडा किती हे शोधायचं कसं? रसायनशास्त्रात त्याची ठरलेली रीत आहे. समजा, खाराचा एक ग्रॅम पाण्यात विरघळवला आणि त्यात फिनॉल्फ्थॅलीन या रंगदर्शकाचे दोन थेंब टाकले. पाणी गुलाबी होतं. ब्युरेटमधून माहीत असलेल्या ताकदीचं आम्ल थेंबथेंब सोडत गेलं की एका क्षणी गुलाबी रंग जातो. या क्षणी सगळ्या कार्बोनेटचं बायकार्बोनेट झालेलं असतं. समजा, तोवर ३ मिलिमोल आम्ल खर्ची पडलं. म्हणजे खारात कार्बोनेट ३ मिलिमोल होतं. आता मिथिल ऑरेंज टाकून आम्ल सोडणं चालू ठेवायचं. पिवळा रंग नारिंगीवर आला की थांबायचं. समजा, आणखी ४ मिलिमोल लागलं. यातले तीन तर आत्ताच तयार झालेल्या बायकार्बोनेटसाठी गेले, उरलेला एक मिलिमोल मुळात असलेल्या बायकार्बोनेटचा. आता मोजणीवरून तोलाकडे परत. ३ गुणिले १०६ म्हणजे ३१८ मिलिग्रॅम धुण्याचा सोडा, १ गुणिले ८४ म्हणजे ८४ मिलिग्रॅम खाण्याचा. एक ग्रॅममध्ये कामाचा माल ४०२ मिलिग्रॅम, बाकी मीठ, पाणी आणि माती. जिभेवर कण ठेवून डल्ला आणि निमक डल्ला वेगळे करणारा माणूस हेच शोधत होता.

(लोणारला जाऊन हा प्रयोग करायचा मोह झाला तर आवरावा. २००० सालापासून हा परिसर वन्यजीव अभयारण्य आहे, २०२० मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला आहे, आणि तिथला खार तिथेच राहिलेला बरा. धुण्याचा आणि खाण्याचा सोडा किराणा दुकानात मिळतो, मीठ घरात आहेच, मिश्रण आपल्याला करता येतं.)

जिल्ह्यात मोलर वस्तुमान सर्वांत जास्त छापलेलं दिसतं ते कृषी केंद्रात, खताच्या गोणीवर. तिथे त्याला कुणी त्या नावाने ओळखत नाही, एवढंच. युरियाच्या गोणीवर ४६ टक्के नत्र लिहिलेलं असतं. युरियाच्या रेणूत कार्बन एक, ऑक्सिजन एक, नायट्रोजन दोन, हायड्रोजन चार. बेरीज ६०.०६, त्यात नायट्रोजनचे २८.०१. भागाकार ४६.६ टक्के. म्हणजे हा ४६ चा आकडा कंपनीने ठरवलेला नाही, रेणूने ठरवला आहे. कोणत्याही कारखान्याला यापेक्षा जास्त नत्राचा युरिया करता येणार नाही, आणि ४६ म्हणजे माल जवळजवळ शुद्ध आहे. अमोनियम सल्फेटचं मोलर वस्तुमान १३२.१४, नायट्रोजन त्यातही तेवढाच, २८.०१, म्हणून शुद्ध मालात २१.२ टक्के आणि गोणीवर साधारण साडेवीस. ४५ किलो युरियात २०.७ किलो नत्र आहे. तेवढंच नत्र अमोनियम सल्फेटमधून द्यायचं तर पन्नास किलोच्या दोन गोण्या वाहाव्या लागतात. पण त्या ओझ्यातला चौथा हिस्सा गंधक असतो, आणि सोयाबीनसारख्या तेलबियांना गंधक हवं असतं. तेव्हा हमाली अगदीच फुकट जात नाही.

डीएपीच्या गोणीवरचा ४६ हा मात्र दुसऱ्याच जातीचा आकडा आहे. १८:४६ म्हणजे १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद, असं आपण वाचतो आणि पन्नास किलोत २३ किलो फॉस्फरस आला असं मानतो. तो नसतो. हे २३ किलो फॉस्फरस पेंटॉक्साइडचे असतात, आणि गंमत म्हणजे गोणीत फॉस्फरस पेंटॉक्साइड नावाचा पदार्थ औषधालाही नसतो. एकोणिसाव्या शतकातले विश्लेषक मातीतले आणि खतातले घटक ऑक्साइडच्या रूपात मांडत, तो रिवाज खताच्या धंद्यात राहून गेला. पेंटॉक्साइडचं मोलर वस्तुमान १४१.९४, त्यात फॉस्फरस ६१.९५. तेव्हा २३ किलोमागे खरा फॉस्फरस १० किलो. पालाशाचंही तेच. पोटॅशच्या गोणीवरचे ६० टक्के हे पोटॅशियम ऑक्साइडचे, खरं पोटॅशियम पन्नास टक्क्यांच्या आत. गोणीची गोणीशी तुलना करताना यामुळे काही बिघडत नाही, कारण सगळेच एकाच मापाने लिहितात. पण माती परीक्षणाच्या अहवालात नुसता फॉस्फरस दिला असेल आणि खताची शिफारस पेंटॉक्साइडमध्ये, तर दोन्हींत २.२९ पटीचा फरक आहे. तो न धरता हिशेब केला तर मात्रा चुकेल.

जिल्ह्याच्या उत्तरेला, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्टा लागतो. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूच्या चोपण जमिनींत मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला असतो, त्यामुळे पावसात चिखल आणि उन्हात दगड. त्यावर जिप्सम टाकतात. जिप्सममधला एक कॅल्शियम दोन सोडियमना हुसकावतो. जिप्समचं मोलर वस्तुमान १७२, दोन सोडियमचं ४६. एक किलो सोडियम हलवायला पावणेचार किलो जिप्सम, आणि तेही शुद्ध धरून. जिप्समची शिफारस हेक्टरी टनांत का येते, हे यावरून कळतं.

याच पट्ट्यात जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले आणि देशभरचे कॅमेरे तिकडे वळले. पहिला संशय पाण्यावर गेला. पाण्यात नायट्रेट १० हवं तिथे ५४ निघालं, अशा बातम्या आल्या. पाचपट! पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बोट दाखवलं ते पाण्याकडे नव्हे, गव्हातून आलेल्या सेलेनियमकडे. पण नायट्रेटच्या त्या दोन आकड्यांकडे रसायनशास्त्राच्या नजरेने पाहण्यासारखं आहे.

नायट्रेटमध्ये नायट्रोजन एक आणि ऑक्सिजन तीन, मोलर वस्तुमान ६२. त्यात नायट्रोजनचे फक्त १४. पाण्यातलं नायट्रेट सांगायच्या दोन पद्धती आहेत. एक, सबंध नायट्रेट लिटरमागे किती मिलिग्रॅम. दुसरी, त्यातला फक्त नायट्रोजन किती. अमेरिकेतली मर्यादा दुसऱ्या पद्धतीने दिली जाते, १०. भारतीय मानक पहिल्या पद्धतीने, ४५. आता ४५ ला १४ ने गुणून ६२ ने भागा, १०.२ येतात. दोन्ही देशांच्या मर्यादा जवळजवळ एकच आहेत, फक्त एक जण ऑक्सिजनसकट तोलतो आणि दुसरा ऑक्सिजन काढून. ५४ हा सबंध नायट्रेटचा आकडा असेल तर त्याची तुलना ४५ शी करायला हवी, म्हणजे मर्यादेच्या वर वीस टक्के. तो फक्त नायट्रोजनचा असेल तर सबंध नायट्रेट २३९ होतं, मर्यादेच्या पाचपटीहून जास्त. मर्यादा दोन्हींत ओलांडलेली आहे, तेव्हा त्या विहिरीचं पाणी बाळाच्या तोंडी लागू देता कामा नये; पण एकात ती थोडी ओलांडली आहे, दुसऱ्यात कित्येक पटींनी. बातमीत हे दोन आकडे शेजारी ठेवताना एकक कोणतं, एवढं विचारलं गेलं असतं तर बरं झालं असतं.

जिल्ह्यात हा प्रश्न केसगळतीपुरता नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटने सर्वाधिक ग्रासलेल्या देशातल्या पंधरा जिल्ह्यांत बुलढाण्याचं नाव आहे. युरिया आणि शेणखताचं नत्र पिकाने घेतलं नाही की ते पाण्याबरोबर खाली उतरतं, आणि गावातलं सांडपाणी त्यात भर घालतं. विहिरीचं, बोअरचं पाणी तपासून घ्यायची वेळ अनेक घरांवर येणार आहे. अहवाल हातात पडला की नायट्रेटच्या ओळीत पुढे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आधी वाचावं. ‘नायट्रोजन म्हणून’ असं असेल तर १० च्या आत हवं, नुसतं ‘नायट्रेट’ असेल तर ४५ च्या आत. कठीणपणाच्या ओळीत ‘कॅल्शियम कार्बोनेट म्हणून’ असं असतं, तिथे २०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आणि बारीक अक्षरात काहीच नसेल, तर पैसे देण्याआधी प्रयोगशाळेतल्या माणसाला विचारावं.